चेरी काउंटीत फुकट जमीन मिळते हा मेसेज चुकीचा आहे

मंडळी, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या चेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सरकार आजही 640 एकर जमीन फुकट देतंय, लगेच अर्ज करा, असा मेसेज फिरतोय. असं काही नाहीये. 640 एकरचा आकडा 1904च्या किंकेड कायद्यातला, तेव्हा पाच वर्षं राहून जमीन सुधारली की ती नावावर व्हायची, पण बहुतेक भाग वाळूच्या टेकड्यांचा, वर नुसतं गवत, नांगर लावला की वाळू उडायची, म्हणून बऱ्याच जणांनी जमिनी शेवटी गुरं पाळणाऱ्या रँचवाल्यांना विकल्या. आजही तिथे गाईगुरं हाच मुख्य धंदा. आणि फुकट जमिनीचा मूळ होमस्टेड कायदाच 1976च्या फेडरल (केंद्र सरकारच्या) कायद्याने रद्द झालाय (फक्त अलास्काला 1986पर्यंत मुभा होती), हा 1976चा कायदा ऑनलाइन आहे, स्वतः वाचून बघा. फॉर्मचे पैसे मागितले तर अजिबात देऊ नका, आणि तो फुकट जमिनीचा मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.