सात वेळा ‘अप्रतिम’

नमस्कार दादा,

(तुम्ही ‘ताई’ म्हणून सुरुवात केलीत, म्हणून मीही नातं लावून मोकळी होते.)

‘मे महिन्याची वाईन-भिशी’ या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सात बाटल्यांचा फोटो आणि सात वेळा ‘अप्रतिम’, हे वाईनचं प्रेम नाही, शोकेस आहे. काळी मिरी, पेरू, ओली माती हे सगळे वास म्हणजे थापा. डोळे बांधले तर लाल कुठली नि पांढरी कुठली तेही सांगता येणार नाही. वाईन म्हणजे सभ्य माणसाची दारू, तिला शेतकऱ्याचं नाव लावून सोवळं नेसवू नये. आणि जाता जाता, ‘भिशी या शब्दाची तरी लाज राखा.’

दोन दिवस चिडले होते. तिसऱ्या दिवशी तो फोटो पुन्हा पाहिला आणि गप्प बसले. दादा, फोटो काढला त्या रात्री सातपैकी दोनच बाटल्या उघडल्या होत्या. बाकीचे पाच ‘अप्रतिम’ मी लेबलं वाचून लिहिले.

तेव्हा आधी त्या पाचांचा हिशेब देते.

भिशी अशी चालते: आम्ही पाच जण, कोथरूडपासून बाणेरपर्यंत विखुरलेले. दर महिन्याला प्रत्येकी दीड हजार काढायचे, ज्याची पाळी त्याने खरेदी करायची आणि शनिवारी एकेक बाटली उघडायची. मे महिन्यात पाळी माझी होती.

आपल्याकडे ‘वाईन शॉप’ हा शब्दच फसवा आहे. पाटीवर वाईन, आत व्हिस्की, रम आणि बिअर. संध्याकाळी सातला जाळीच्या खिडकीशी रांग असते. मी गेले की ती आपोआप बाजूला सरकते, अवघडून. वाईन म्हटलं की काउंटरवरचा मुलगा स्टूल ओढतो, सगळ्यात वरच्या फळीवरून बाटली काढतो आणि तिच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीला पुसतो. मग न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळतो. ‘मॅडम, कुणाला दिसणार नाही.’

ती वरची फळी हाच खरा विषय होता आणि तोच मी लेखात गाळला. दुकानाचं तोंड पश्चिमेला, वर पत्रा, मे महिना, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. वाईन बारा-चौदा अंशांना, आडवी ठेवायची असते. इथे ती किती महिने उभी भाजत होती देव जाणे.

तिसऱ्या शनिवारी त्यातली सोविन्यों ब्लां ही पांढरी वाईन काढली. एरवी गळ्यावरचं फॉइल बोटांत धरून फिरवलं तर फिरतं. हे फिरेना, खालून चिकटलेलं. सुरीने कापलं तर बूच बाटलीच्या तोंडाच्या दोनेक मिलिमीटर वर आलेलं आणि त्याच्या कडेने तपकिरी, वाळलेला ओघळ. उन्हाने आतली वाईन फुगते, बुचाला वर ढकलते, थोडी पाझरते. रात्री गार झाली की आकसते आणि त्याच फटीतून हवा आत ओढून घेते. ग्लासात ओतली तर रंग कोऱ्या चहाचा. पेरूचा मागमूस नाही, वास उकडलेल्या सफरचंदाचा आणि मोरावळ्याच्या पाकाचा. पाचही जणांनी एकेक घोट घेतला, कुणी कुणाकडे पाहिलं नाही, आणि बाटली मोरीत गेली.

लेखात हिच्यापुढे ‘अप्रतिम, ताजीतवानी’ असं आहे. वाचून मला स्वतःला हसू आलं, आणि मग लाजही वाटली. आंब्याची पेटी घेतली की आपण एकमेकांना काय विचारतो? कुठून घेतलीस, खालच्या थरात काय निघालं? मी वरच्या थराचा फोटो लावून मोकळी झाले होते.

चौथी, एक लाल शिराज, ही मात्र दुकानाची चूक नव्हती. बूच जागेवर, रंग सुरेख, पण वास पावसाळ्यात माळ्यावर भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा. बुचातच हा दोष असतो. टीसीए नावाचं संयुग त्याला कारण, आणि ते नाकाला कळायला अगदी कणभर पुरतं. अशा बाटलीला ‘कॉर्क्ड’ म्हणतात. मी ती घेऊन दुकानात गेले, तर ‘उघडलेला माल परत नाही’ असं उत्तर मिळालं. त्याचंही बरोबरच असावं. त्याला तो वास येतच नव्हता. रोझे बरी होती, त्यापलीकडे काही नाही. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची काबर्ने-शिराज सुंदर होती, पण ती आम्ही कोल्हापुरी मटणाबरोबर घेतली आणि माती केली. अशा लाल वाईनचा तुरटपणा नि आपलं तिखट एकमेकांना पेटवतात. दोन घोटांनंतर सगळे ताकावर आले.

फोटोच्या आधी उघडलेल्या दोन मात्र खरोखर चांगल्या निघाल्या आणि त्याला कारणं आहेत. नाशिकची शेनां ब्लां फिरकीच्या झाकणाची होती, म्हणजे बूच वाळण्याचा प्रश्न नाही, आणि लेबलवरचं साल अगदी अलीकडचं. साल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे द्राक्षबागेत एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ धरण्यासाठी फळछाटणी होते, तोडा जानेवारी ते मार्च. म्हणजे बाटलीवर २०२४ असेल तर नाशिकची द्राक्षं त्या वर्षाच्या सुरुवातीला तोडलेली. फ्रान्सची त्याच सालाची सहाएक महिन्यांनी धाकटी. साध्या पांढऱ्या वाईनला आपल्या दुकानांमधल्या उन्हात सहा महिने खूप झाले. दुसरी अकलूजची सांजोव्हेजे. फ्रातेल्ली या वाईन कंपनीने सोलापूर जिल्ह्यात लावलेली ही इटलीची लाल जात. तिच्यात मुळात आंबटपणा असतो, म्हणून चिंचगुळाच्या भरल्या वांग्यांशी तिचं जमलं. हिचा ‘अप्रतिम’ मी मागे घेत नाही.

आता वासांच्या थापा. डोळे बांधण्याबद्दल तुम्ही म्हणता त्याला पुरावा आहे, तो मीच देते. फ्रान्समधल्या बोर्दोत पांढऱ्या वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. तिचं वर्णन त्यांनी लाल वाईनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ मध्ये छापून आला. गेल्या दिवाळीत आम्ही बाटल्या वर्तमानपत्रातच ठेवून ओळखायचा खेळ केला (दुकानाने गुंडाळून दिलेल्याच होत्या, खर्च शून्य), तेव्हा मी शिराजला काबर्ने म्हणाले होते. पण काळ्या मिरीवर मी हटणार नाही. शिराजमधला तो वास रोटन्डोन नावाच्या संयुगाचा असतो, आणि तेच संयुग आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या मिरीतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिलं. गंमत पुढे आहे: सुमारे पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. आमच्या पाचांतही असा एक आहे. तो तीन वर्षं आम्हाला थापाडे म्हणत होता, अगदी तुमच्यासारखा. तुम्ही त्याच्या गटातले असाल तर आपल्या दोघांचंही खरं आहे.

शेतकऱ्याबद्दल. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा झालेला गदारोळ तुम्हाला आठवतच असेल. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं जात होतं. महाराष्ट्रातली बहुतेक द्राक्षं खायला आणि बेदाण्याला जातात. वाईनची द्राक्षं हा त्यातला लहानसा तुकडा. जाती वेगळ्या, फळ बारीक, बियांचं आणि जाड सालीचं, बाग बहुधा कंपनीशी करार करून लावलेली. खायची थॉमसन द्राक्षं लावणाऱ्या बागायतदाराला माझ्या भिशीचा काही उपयोग नाही. ऐंशीच्या दशकात नारायणगावला फेसाळ वाईन करून ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी पाठवायचे, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते. तो अभिमान शेतकऱ्याच्या कल्याणात घुसडला, ते माझं चुकलं. मी वाईन पिते ती आवडते म्हणून.

आणि हो, ती दारूच आहे. ७५० मिलीची बाटली पाच जणांत वाटली की माणशी १५० मिली, १३ टक्क्यांच्या हिशेबाने साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल. लेखात मी ‘हृदयाला चांगली’ असं एक वाक्य टाकलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आरोग्याला निर्धोक असं अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण नाही. ते वाक्य काल काढून टाकलं, तिथे तशी नोंदही केली आहे.

‘भिशी’ शब्द मात्र राहू द्या. माझ्या आईच्या भिशीत स्टीलचे डबे निघायचे, आणि कुणाच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही यावर महिनाभर चर्चा चालायची. आम्ही तेच करतो.

सातवी बाटली अजून आहे. ऑस्ट्रेलियाची, भिशीतले चोवीसशे रुपये एकटीने खाल्लेली. परदेशी वाईनवर एरवी आयातशुल्कच १५० टक्के; ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे डिसेंबर २०२२ पासून तिथल्या महागड्या बाटल्यांवर ते उतरत चाललंय, तरी इथे पोचेपर्यंत व्हायची ती महाग होतेच. ती फ्रिजच्या खालच्या खणात कोथिंबिरीशेजारी आडवी ठेवली आहे. फॉइल फिरतंय, बूच वरून चाचपलं तर सपाट लागतंय. शनिवारी उघडू. लेखातला तिच्या नावापुढचा ‘अप्रतिम’ आत्ताच खोडला, जागा मोकळी ठेवली आहे.