लाल किल्ला आम्ही टाळला नाही, ताई

ताई, नमस्कार. दिल्लीच्या सहलीत तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. आमच्या सहल कंपनीचं नाशिकच्या रविवार कारंज्याजवळचं ऑफिस एका खोलीचं आहे. जाहिरात परवडत नाही, लोक इथले रिव्ह्यूतले तारे बघूनच फोन करतात. तुमचा एक तारा पडल्यापासून फोनवर पहिला प्रश्न येतो, "लाल किल्ला नक्की दाखवता ना?" म्हणून जरा लांबण लावतो, राग मानू नका.

तुम्ही लिहिलंय, "दिल्लीला नेऊन लाल किल्ला बाहेरूनच दाखवला, सोमवार अख्खा हातात असूनही आत नेलं नाही." हे वाचून रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

रविवारचं काय झालं ते सांगतो. लाल किल्ल्यासमोरून फतेहपुरी मशिदीकडे जाणारा चांदणी चौकाचा रस्ता 2021 पासून सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंद असतो. त्यामुळे बस आत जात नाही, अलीकडेच उतरावं लागतं. जेवण झाल्यावर बाजारासाठी दीड तास दिला होता आणि बरोबर तीनला किल्ल्याच्या लाहोरी दरवाजासमोर जमायचं ठरलं होतं. हे मॅनेजरने बसमध्ये माइकवर सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकलं. तो मेसेज अजून तिथेच आहे, त्यावर तुमचाच अंगठा आहे.

तुम्ही, साहेब आणि दोन्ही मुली किनारी बाजारात गेलात. घरात लग्न आहे, गोटा-किनार तिथल्यासारखी आपल्याकडे मिळत नाही, सगळं मान्य. पण त्या गल्लीत शिरलेला माणूस वेळेवर बाहेर पडत नाही, हे आम्ही निघतानाच बजावलं होतं. मॅनेजरने फोन केला की "दहा मिनिटांत पोचतो" असं साहेब सांगायचे. इकडे बाकीची मंडळी उन्हात बॅरिकेडला टेकून उभी, सत्तरीच्या एक आजी पिशवीवर बसलेल्या. शेवटी गाइडबरोबर सगळ्यांना आत पाठवलं आणि तुमची चार तिकिटं घेऊन मॅनेजर बाहेरच थांबला. तुम्ही आलात तेव्हा आत सोडणं बंद झालं होतं. तुमच्या लेसच्या पिशव्या बसपर्यंत त्यानेच वाहिल्या. त्याच मुलाला तुम्ही "उद्धट" लिहिलंय. माझ्याबद्दल काहीही लिहा, पण तो तसा नाही.

आता सोमवार. लाल किल्ला दर सोमवारी बंद असतो. तो पुरातत्त्व खात्याचा नियम आहे, आमच्या हातात असतं तर मी स्वतः कुलूप उघडलं असतं. नुसता किल्लाच नाही, तीन मूर्तीचं पंतप्रधान संग्रहालय, गांधीजींचा खून झाला ती गांधी स्मृती, अक्षरधाम, लोटस टेंपल, सगळं सोमवारी बंद. म्हणूनच सोमवारी हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार ठेवतो, ते उघडे असतात. मिनारावर चढू दिलं नाही, अशीही तक्रार आहे. 1981 मध्ये आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तेव्हापासून तो जिना सगळ्यांनाच बंद आहे.

इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत दिसली नाही, हे खरंय. ती दिसणारच नाही. 21 जानेवारी 2022 ला ती शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली. आपण मधल्या स्तंभापाशी उभे होतो, तीच ती ज्योत. इंडिया गेटवरची नावं इंग्रजांच्या काळातल्या लढायांमधली, पहिल्या महायुद्धातली. स्वातंत्र्यानंतर पडलेल्यांची पंचवीस हजारांहून जास्त नावं या 2019 च्या स्मारकात आहेत. तिथे "उगाच तासभर घालवला" असं तुम्ही म्हणता. आपल्याबरोबर देवळाली कॅम्पचे एक निवृत्त तोफखानावाले काका होते. त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव, सोनेरी अक्षरात. काका चष्मा पुसत, विटांवरून बोट फिरवत आपल्या पलटणीतल्या एका जवानाचं नाव शोधत होते. सापडलं तेव्हा बोट तिथेच ठेवून उभे राहिले. त्यांना "चला, उशीर होतोय" म्हणायची माझ्या माणसाची हिंमत झाली नाही. माझीही झाली नसती.

गाइडने मराठ्यांचा अपमान केला, हेही लिहिलंय. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, फौजेचा पगार द्यायला पैसा नव्हता, तेव्हा किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराच्या, छताची चांदी काढून नाणी पाडली, एवढंच तो बोलला. यात अपमान कसला? उपाशी फौज घेऊन पानिपतला जायची वेळ आली होती. त्या पानिपतावर विश्वासराव पडले, त्यांच्या आई गोपिकाबाई पुढे आपल्या गंगापूरला येऊन राहिल्या. नाशिककराला हे सांगायला दिल्लीचा गाइड कशाला लागतो? आणि ताई, एक विचारू का? गाइड हे बोलला ते दिवाण-ए-खाससमोर, किल्ल्याच्या आत. तुम्ही तर बाहेर होतात. जेवताना कुणी सांगितलं असेल तर तसं लिहायला हवं होतं.

नाश्त्याला रोज छोले-पुरी झाली, पोहे एकदाच, हे बरोबर आहे. हॉटेलशी बोलतो. वेळापत्रकातही काहीतरी फेरफार करू, बहुतेक किल्ला सकाळी आणि बाजार नंतर. पानिपतच्या काळा आंब स्मारकाचंही बघतोय, जमलं तर.

तुमच्या चार तिकिटांचे पैसे पाकिटात काढून ठेवलेत, कधीही घेऊन जा, चहाही होईल. तारा एकच राहू द्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. फक्त "आत नेलं नाही" एवढे तीन शब्द तेवढे बदला. दिवाळीचं बुकिंग या आठवड्यात सुरू होतंय.