रंग न लावता नॅनोकण ‘दिसतो’ म्हणजे काय?

नमस्कार. तुम्ही विचारलंत की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची धाव साधारण 200 नॅनोमीटरपर्यंत, मग जिवंत पेशीतला 50 नॅनोमीटरचा सोन्याचा कण रंगद्रव्य न जोडता ‘स्पष्ट दिसतो’ असं मी लेखात कसं लिहिलं? ‘स्पष्ट’ हा शब्द चुकलाच, तो काढतो. ‘दिसतो’ मात्र राहू देणार.

ती मर्यादा जवळजवळचे दोन कण वेगळे ओळखण्याची आहे. एकटा कण कुठे आहे हे कळायला ती आड येत नाही. कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात धूळकण चमकतात. त्यांचा आकार कळत नाही, जागा कळते. याच युक्तीने झिगमोंडी आणि झीडेनटोफ या शास्त्रज्ञांनी 1903 साली लाल काचेतले सोन्याचे कण पाहिले होते.

पेशीत खरी पंचाईत वेगळी असते. पेशी स्वतःच प्रकाश विखुरते, आणि कणाचा व्यास निम्मा झाला की त्याने विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता 64 पटींनी घटते! म्हणून होलोग्राफीत त्या विखुरलेल्या प्रकाशाचं मूळ, न विखुरलेल्या प्रकाशाशी व्यतिकरण घडवतात, म्हणजे दोन्हींच्या लाटा एकमेकींत मिसळून उमटलेली नक्षी (होलोग्राम) टिपतात. तिथे घट 8 पटच राहते. निरनिराळ्या कोनांतून असे होलोग्राम घेतले की पेशीतल्या जागोजागचा अपवर्तनांक, म्हणजे तिथे प्रकाश किती मंदावतो याचं माप, काढता येतो आणि कण आजूबाजूहून वेगळा उठून दिसतो. त्यामागचं गणित भौतिकशास्त्रज्ञ एमिल वोल्फ यांचं, 1969 सालचं.

मेदाचा थेंबही असाच उठून दिसतो, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण सोन्याचा कण हिरव्या प्रकाशाला जोरदार प्रतिसाद देतो आणि तांबड्याकडे गेलं की तो ओसरतो. मेदाचं तसं होत नाही. दोन रंगांत पाहिलं की फरक कळतो. कण एकमेकांना चिकटले तर हा प्रतिसादच तांबड्याकडे सरकतो, तेव्हा जपून अर्थ लावावा लागतो.

‘फ्लुओरेसन्सच (कणाला चमकणारं रंगद्रव्य जोडून पाहणं) विश्वासार्ह’ हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. रंगद्रव्य पेशीत कणापासून सुटू शकतं, आणि मग आपण कण समजून रंगाचाच माग काढत बसतो. कर्करोगाचं औषध वाहून नेणारा कण नेमका कुठे पोचला हे ठरवताना ही चूक फार महागात पडते.

एक उणीव तुमच्या नजरेतून सुटली. प्रकाश सगळ्या बाजूंनी टाकता येत नाही, म्हणून त्रिमितीय चित्रात कण खोलीच्या दिशेने ताणलेला दिसतो. लेखातल्या चित्राखाली तशी ओळ आजच टाकतो आहे.