पन्नास मीटरांच्या आतली माणसे

आमच्या चमूचा 'संस्कृती समन्वयक' म्हणून माझी निवड झाली, त्या क्षणी मी खिडकीतल्या कूलरचा पंप पाणी का ओढत नाही ते पाहत होतो. मे महिना होता, बैठक लॅपटॉपवर सुरू होती, माझा माइक बंद होता आणि "कुणाची हरकत?" या प्रश्नाला माझ्याकडून काहीच उत्तर गेले नाही. मौन म्हणजे संमती, ही आपली जुनी रीत म्यूटलाही लागू होते, हे मला तेव्हा कळले.

चमूत आम्ही अकरा जण: सहा नागपूरचे, तिघे पुण्याचे, दोघे बंगळूरूचे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळे घरी बसले; पुढे कंपनीने मंगळवार ते गुरुवार कार्यालय आणि उरलेले दोन दिवस घर, असा मधला मार्ग काढला. याला हायब्रिड म्हणतात. आमच्या घरी हा शब्द ज्वारीमुळे आला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित वाण आले, त्याने पीक भरघोस वाढले. पण भाकरीची चव गेली, असे आजोबा मरेपर्यंत म्हणत राहिले. आमच्या मनुष्यबळ विभागाचे म्हणणे अगदी हेच आहे. काम वेळेवर होते, चव तेवढी राहिलेली नाही, आणि ती परत आणणे आता माझ्याकडे होते.

त्यासाठी आम्हा समन्वयकांना प्रशिक्षण मिळाले. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांच्या टेबलांमधील अंतरे मोजून दाखवले होते की, अंतर वाढते तसे बोलणे झपाट्याने घटते आणि पन्नास मीटरांपलीकडे ते जवळजवळ थांबते. पुणे नागपूरहून सातशे किलोमीटर आहे. मी वहीत भागाकार मांडला आणि सोडून दिला.

मंगळवारी तरी जवळीक साधेल, असे वाटले. जयप्रकाश नगरहून मेट्रोने खापरी, तिथून ऑटोने मिहानमधले आमचे कार्यालय, असा घाम गाळत मी पोहोचतो आणि कानांना हेडफोन लावून पुण्याशी बोलू लागतो. शेजारचा सहकारीही त्याच बैठकीत असतो. त्याचा आवाज मला एकदा हवेतून आणि एकदा पुण्यामार्गे असा दोनदा ऐकू येतो, दोन माइक एकमेकांना ओरडू लागतात, आणि मग आमच्यापैकी एकाला बैठकीत 'एकत्र' राहण्यासाठी उठून जिन्यात जाऊन बसावे लागते.

डिसेंबरात मी सामूहिक नाश्त्याचा घाट घातला. कार्यालयात तर्री पोहे, सोबत सांबारवडी, आणि दूरच्या मंडळींनी तोच बेत आपापल्या गावी मागवून कॅमेऱ्यासमोर बसायचे. वड्या शेजारच्या काकूंनी करून दिल्या, चाळीस, मागितल्या नसताना. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे सूचनापत्रात लिहायचे राहिले. बंगळूरूचे दोघे वाफाळत्या सांबारात बुडवलेले मेदूवडे घेऊन बसले. पुण्यातल्या एकाने पोह्यांवर चण्याचा लाल रस्सा ओतलेला पाहून "हे चुकून सांडलंय का?" असे काळजीने विचारले. त्यानंतर पाऊण तास कोणीच काही बोलले नाही. टेबलाच्या मधोमध ठेवलेला माइक अतिशय संवेदनशील होता. त्यामुळे सहा नागपूरकरांचे भुरकणे मात्र दोन्ही शहरांत स्पष्ट पोहोचले. अभिप्रायाच्या अर्जात एकाने 'भूक लागली' एवढेच लिहिले.

काकूंना वड्यांचे कसे कळले, हे मी तेव्हा विचारले नाही. उन्हाळाभर कूलरच्या घरघरीवर मात करीत मी ओरडून बोलत असे. ऑक्टोबरात कूलर गच्चीवर गेला. पण माझा चढलेला आवाज खाली आला नाही, आणि लॅपटॉपचाही नाही. आमच्या दोन खिडक्यांमधले अंतर फार तर तीन मीटर आहे. नाश्त्यानंतरच्या सोमवारी मी कपडे वाळत घालत असताना काकूंनी पलीकडून विचारले, "काऊन रे, त्या बंगळूरूच्या पोरीचा सर्व्हर उठला का?"

"उठला, काकू."

"आन् पुण्याच्या त्या पोराच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन?"

"कोणतं ऑपरेशन?"

"घ्या! सांगत होता न तो शुक्रवारी. तू चहा आणाले गेलता तवा."

मी त्याला तडक फोन लावला, बैठकीचे निमंत्रण न पाठवता. तो आधी घाबरला; आगाऊ न कळवता आलेला फोन म्हणजे नोकरीवर गदा, असा त्याचा समज होता. मग ऑपरेशन, फिजिओथेरपी, सुट्टीचा तिढा असे सगळे निघत गेले आणि आम्ही चाळीस मिनिटे बोललो. शेवटी त्याने सांडलेल्या पोह्यांची पाककृती मागितली. ती अर्थातच मला येत नव्हती, काकूंना विचारून पाठवली.

महिनाअखेरीस मनुष्यबळ विभागाचा नेहमीचा अर्ज आला: 'चमूतील नाते दृढ करण्यात सर्वाधिक वाटा कोणाचा?' मी प्रामाणिकपणे काकूंचे नाव लिहिले. प्रणालीने त्यांचा कर्मचारी क्रमांक मागितला. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून काल मी मदत कक्षाला फोन करून, जरा मोठ्यानेच, अडचण समजावून सांगितली. फोन ठेवला तेव्हा काकू खिडकीत उभ्या होत्या. पगार किती धरला आहे, असे त्या विचारीत होत्या.