एप्सिलॉन एरिडानीभोवती ‘दुसरी पृथ्वी’ सापडलेली नाही

‘सूर्याचा जुळा भाऊ असलेल्या एप्सिलॉन एरिडानी ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह सापडला आहे, त्याचे छायाचित्र मिळाले आहे आणि तिथे जीवसृष्टी आहे,’ अशा आशयाचा मजकूर सर्वत्र फिरत आहे. हा तारा खरोखरच सुमारे १०.५ प्रकाशवर्षांवर आहे; बाकीच्या विधानांना मात्र आधार नाही.

तो सूर्याच्या जातकुळीतला असला, तरी जुळा नव्हे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ८२ टक्के आणि तेजस्विता जेमतेम एक तृतीयांश आहे. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे, तर याचे १०० कोटींहूनही कमी आहे.

सापडलेला ग्रह पृथ्वीसारखा मुळीच नाही. २००० साली जाहीर झालेला हा ग्रह गुरूच्या तोडीचा असून, ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण साडेतीनपट दूर राहून सुमारे सात वर्षांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. त्याचा शोध छायाचित्रातून लागला नाही. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित पुढे-मागे हलतो आणि त्यामुळे त्याच्या वर्णपटातील (प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातील) रेषा सरकतात, त्या सरकण्यावरून तो लागला. फिरणारी रंगीत चित्रे चित्रकारांच्या कल्पनेतली आहेत.

पृथ्वीसारखा ग्रह शोधण्यातली खरी अडचण ताऱ्याच्या तारुण्यातच आहे, आणि ती या मजकुरात कुठेच येत नाही, याची मला सर्वाधिक खंत वाटते. तरुण तारा वेगाने फिरतो (हा सुमारे ११ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो), त्याचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते, पृष्ठभागावर मोठे डाग येतात आणि हे डागही वर्णपटरेषा सरकल्याचा आभास निर्माण करतात. म्हणूनच या महाकाय ग्रहाच्या अस्तित्वाबद्दलही अनेक वर्षे शंका घेतली गेली. जवळपास तीन दशकांची मोजमापे एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याला भक्कम पुष्टी दिली. गुरूमुळे सूर्याच्या वेगात सेकंदाला सुमारे १२ मीटरचा फरक पडतो, पृथ्वीमुळे फक्त ९ सेंटिमीटरचा. इतकी क्षीण खूण अशा अस्वस्थ ताऱ्याच्या गोंगाटातून वेगळी काढणे आजच्या साधनांना जमलेले नाही. त्यामुळे तिथे पृथ्वीएवढा ग्रह नाही, असेही ठामपणे म्हणता येत नाही.

जीवसृष्टीचा तर कोणताही पुरावा नाही. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बीण या ताऱ्याकडे आणि टाऊ सेटी या दुसऱ्या ताऱ्याकडे रोखली होती; परग्रहावरील संदेश म्हणता येईल असे काहीही हाती लागले नाही.