रगडा, सुदान ब्लॉक आणि बंड्याचं पिठलं

विषय अर्थातच एनडीएतल्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या, ट्रेनिंगमध्ये जखमी होऊन बाहेर पडलेल्या पोरांचा. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून त्यांची केस घेतल्यापासून बंड्याच्या पोटात दुखतंय. परवा टपरीवर चहा यायच्या आतच सुरू झाला, की ट्रेनिंग म्हणजे ट्रेनिंग, तिथं काय सहलीला जातात का, फ्रंट रोल मारल्याशिवाय आणि रात्री-अपरात्री पुट्टी परेडला, म्हणजे झटपट गणवेश बदलून हजर व्हायच्या शिक्षेला, पळाल्याशिवाय ऑफिसर घडतो का कधी, आम्ही तयारी करायचो तेव्हा तर...

"तू कुठली तयारी केलीस रे?" मनी. "एसएसबीला, ऑफिसर निवडायच्या त्या चाचणीला, पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमधून घरी आलास."

"ते चित्र धूसर होतं!"

"सगळ्यांना धूसरच दाखवतात, बंड्या. त्यावरूनच गोष्ट लिहायची असते."

अण्णांना ठसका लागला. बंड्याने विषय फिरवला, आता मुलीपण घेतात म्हणजे सगळं ढिलं झालं असणार. त्यावर मनी एवढंच म्हणाली की त्यातल्या 17 जणी मे 2025 ला पास आऊट झाल्या, तीन वर्षं तोच रगडा, म्हणजे त्याच शिक्षा, खाऊन, तू स्क्रीनिंगचं बघ.

"आणि रगड्याला कोण नको म्हणतंय? पण अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार लागून नाहीतर ऑब्स्टॅकलवरून पडून कायमचा अंथरुणाला खिळला, तर तो कोण? कमिशन, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणूक, मिळालं नाही म्हणून ऑफिसर नाही. ऑफिसर नाही म्हणून माजी सैनिक नाही. पेन्शन नाही, दरमहा काहीतरी एक्स ग्रेशिया, म्हणजे सानुग्रह मदत, देतात. 1985 पासून अशी पाचशेच्या आसपास पोरं आहेत, एनडीए, डेहराडूनची लष्करी अकादमी आयएमए, सगळं धरून."

"ईसीएचएस दिलं ना आता, माजी सैनिकांची ती उपचारांची योजना?"

"दिलं की. ऑगस्ट 2025 मध्ये, कोर्टाने डोळे वटारल्यावर. चाळीस वर्षं लागली, तेवढ्यात तुझीपण स्क्रीनिंग निघाली असती."

वातावरण तापलेलं बघून अण्णा इतिहासात घुसले, ते नेहमीच घुसतात. नेहरूंनी एनडीएची कोनशिला बसवली ती 6 ऑक्टोबर 1949 ला, तोवर पोरं डेहराडूनला क्लेमेंट टाऊनमध्ये शिकत होती, खडकवासल्याला रीतसर उद्घाटन जानेवारी 1955 मध्ये, आणि तिथली ती घुमटवाली मुख्य इमारत, सुदान ब्लॉक, तिचे पैसे सुदानने दिलेले, दुसऱ्या महायुद्धात तिकडं लढलेल्या आपल्या सैनिकांच्या आठवणीसाठी एक लाख पौंड, फाळणीनंतर आपल्या वाट्याला 70 हजार आले.

मनी म्हणाली, "बघा. आपल्या मेलेल्यांसाठी सुदान पैसे पाठवतो आणि आपल्या जिवंत पोरांसाठी आपल्याला कोर्ट लागतं."

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग बंड्याच, कारण त्याला राहवतच नाही. "तरीपण! शिक्षा म्हणून सिंहगड पळत चढायला लावतात, पाठीवर सामान घेऊन. ह्यातूनच पोलाद तयार होतं!"

आता शिऱ्याची पाळी. "बंड्या, गेल्या पावसाळ्यात तू गडावर गाडीने आलास. पार्किंगपासून देवटाक्यापर्यंत तीनदा बसलास. आणि पिठलं-भाकरीचे पैसे मी दिले, ते अजून आलेले नाहीत."

"तू दही जास्त घेतलंस!"

"दोन मडकी!"

"चार! मी मोजलीत!"

अण्णा म्हणाले, पिठलं खाऊन पाय दुखले असतील तर बंड्यालापण एक्स ग्रेशिया द्या. मनी हसत नव्हती, ती आकडा सांगायला लागली होती, की पूर्ण अपंगत्व आलं तरी महिन्याला चाळीस हजाराच्या आसपासच... पण तोवर मडक्यांचा वाद टपरीवाल्यापर्यंत पोचला होता आणि तो शिऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होता.