विट्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर : क्रॉप बॉडीवर ५० की ८५?

नमस्कार दादा,

तुम्ही वेळ काढून मुद्देसूद लिहिलंत, म्हणून मीही जरा सविस्तर उत्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो.

ज्याच्याकडे क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आहे आणि जो बहुतेक वेळा घरात किंवा लहान स्टुडिओत माणसांचे फोटो काढतो, त्याने पहिली प्राइम (झूम न होणारी) लेन्स म्हणून ५० एमएम एफ १.८ घ्यावी (एफ म्हणजे लेन्समधल्या छिद्राचं, अपर्चरचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हा सल्ला नव्या पोरांचे पैसे वाया घालवणारा आहे. ५० क्रॉपवर लावली तरी ५० च राहते, ती चेहरा फुगवते. तुम्ही स्वतः फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर) ५० लावून एका नवरीचे क्लोजअप काढलेत आणि नाक मोठं आलं म्हणून घरच्यांनी ते फोटो अल्बममधून काढायला लावले. पोर्ट्रेटला ८५ च हवी, जमलं तर एफ १.४, आणि लग्नाच्या ऑर्डर घेणाऱ्याकडे ७०-२०० एफ २.८ ही झूम लेन्स असेल तर प्राइमची गरजच नाही, असंही तुम्ही म्हणता. शेवटी भाच्यासाठी जुनी ८५ घेण्याबद्दल विचारलंय.

नाकापासूनच सुरुवात करतो, कारण आपला खरा मतभेद तिथं आहे. तुमचा अनुभव शंभर टक्के खरा आहे, नाक मोठंच आलं असणार. मात्र त्याचं कारण तुम्ही लेन्सच्या आकड्यात शोधताय आणि मी ते अंतरात शोधतो.

नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण ५ इंच धरू. कॅमेरा नाकापासून २ फुटांवर म्हणजे २४ इंचांवर असेल, तर कान २९ इंचांवर येतो. म्हणजे कानाच्या मानाने नाक २० टक्के मोठं उमटणार. १ फुटावर, म्हणजे सेल्फीच्या अंतरावर, हाच फरक ४० टक्क्यांवर जातो. ३ फुटांवर १४ टक्के, ५ फुटांवर ८, आणि ८ फुटांवर जेमतेम ५. या सगळ्या हिशेबात लेन्स कुठली लावलीय हे कुठंच आलेलं नाही, ते बघा. २०१८ साली अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी हेच गणित मांडलं होतं, कारण सेल्फी बघून नाकाचं ऑपरेशन करायला येणाऱ्यांची संख्या वाढली होती. त्यांच्या हिशेबाने १२ इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं आणि ५ फुटांवर फरक जवळजवळ राहतच नाही.

आता तुमची नवरी घ्या. डोक्यापासून छातीपर्यंतची उभी फ्रेम, म्हणजे साधारण २ फूट उंचीचा भाग. फुल फ्रेमवर ५० लावून ही फ्रेम भरायची तर तुम्हाला ३ फुटांवर जावं लागतं. तिथं १४ टक्के फरक पडला आणि तो घरच्यांच्या डोळ्यांना खुपला. तीच ५० क्रॉप बॉडीवर लावा. सेन्सर लहान असल्यामुळे तीच फ्रेम भरायला आपोआप मागं सरकावं लागतं, ते साडेचार फुटांपर्यंत. फरक ९ टक्क्यांवर आला. फुल फ्रेमवर तुमची लाडकी ८५ लावली तर ही फ्रेम ५ फुटांवरून मिळते आणि फरक ८ टक्के. ९ आणि ८ यातला फरक अल्बममध्ये ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणजे ५० ही ५० च राहते हे तुमचं वाक्य बरोबर आहे. पण चेहऱ्याची ठेवण ठरते ती माणूस कुठं उभा राहून फोटो काढतो त्यावर, आणि क्रॉप बॉडी त्याला मागं उभं करते.

पटत नसेल तर भाच्याच्या किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५) बघा. घरातल्या कुणालाही खुर्चीवर बसवा, कॅमेरा ५ फुटांवर ट्रायपॉडवर लावा आणि अजिबात हलवू नका. एक फोटो १८ वर, एक ५५ वर. चेहरा फ्रेमच्या मधोमध ठेवा, कारण १८ वर कडेला आलेला चेहरा ताणला जातो, तो वेगळा प्रकार आहे. मग १८ चा फोटो कॉम्प्युटरवर कापून ५५ च्या फ्रेमएवढा करा. फोटो मऊ पडेल, दाणे दिसतील, पण नाक, गाल, कान यांचं प्रमाण दोन्हीत तेच असेल.

आता खोलीकडे येतो. माझा सल्ला मुळात खोलीवरूनच निघालाय. आपल्याकडे सांगली-मिरजेत काय किंवा विट्यात काय, बहुतेकांचा स्टुडिओ म्हणजे १० बाय १२ चा गाळा किंवा घरातला हॉल. लांबीचे १२ फूट धरा. माणसाची सावली पडद्यावर पडू नये म्हणून त्याला पडद्यापासून ४ फूट पुढं बसवायचं. फोटोग्राफरला उभं राहायला, कोपर हलवायला २ फूट. उरले ६. क्रॉप बॉडीवर ८५ लावली तर छातीपर्यंतच्या फ्रेमलाच साडेसात ते आठ फूट लागतात. म्हणजे साधा पासपोर्टच्या पुढचा फोटोसुद्धा त्या गाळ्यात बसत नाही. उभा पूर्ण फोटो घ्यायचा तर क्रॉपवर ८५ ला २४-२५ फूट पाहिजेत, ते गाळ्याचं शटर उघडून रस्त्यावर उभं राहिलं तरी मिळणार नाहीत. ५० ला तोच उभा फोटो १४ फुटांत होतो. तोही गाळ्यात बसत नाही हे मान्य, पण घराच्या पडवीत, अंगणात, गच्चीवर सहज बसतो. नव्या मुलाने दुपटीहून जास्त पैसे मोजून ८५ आणली आणि ती बॅगेतच राहिली, असं मी आपल्याच भागात पाहिलंय. म्हणून मी इतकं आग्रहाने लिहितो.

बाहेर काम असेल तर गोष्ट वेगळी. हरिपूरला संगमावर किंवा कृष्णेच्या घाटावर जागा भरपूर असते, तिथं क्रॉपवरची ८५ फार सुंदर काम करते. ज्याचं सगळं काम प्री-वेडिंगचं आणि बाहेरचं आहे, त्याने पहिली लेन्स ८५ घेतली तर मी अजिबात अडवणार नाही.

एफ १.४ बद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय, कारण त्या एका आकड्यासाठी लोक कर्ज काढतात. फुल फ्रेमवर ८५ लावून ५ फुटांवरून फोटो काढला, तर एफ १.४ ला साधारण अडीच सेंटिमीटर खोलीचा भाग शार्प येतो. एफ १.८ ला ३ सेंटिमीटर, एफ २.८ ला ५, एफ ४ ला ७. त्यातला निम्माच डोळ्याच्या पुढं येतो. आता आपली नवरी डोळ्यासमोर आणा. डोळ्यावर फोकस केला तर नथ त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढं असते. एफ १.४ वर डोळा धारदार येतो आणि नथीचे मोती विरघळून जातात. ज्या नथीसाठी आईने दागिन्यांच्या दुकानात अर्धा दिवस घालवला, तीच फोटोत धूसर. त्यात मुंडावळ्या. मोत्यांच्या सरी डोळ्यासमोर हलत असतात, कॅमेऱ्याला डोळ्यापेक्षा त्या ठसठशीत दिसतात आणि फोकस नेमका सरीवर जाऊन बसतो. मागं स्क्रीनवर लहान फोटोत हे कळत नाही, अल्बमच्या पानावर कळतं. म्हणून मुंडावळ्या बांधलेल्या नवरा-नवरीचा जवळचा फोटो मी एफ ४ वर घेतो. फोकसचा एकच पॉइंट ठेवून तो पुढच्या डोळ्यावर नेतो आणि सर बाजूला गेली की क्लिक करतो. एफ ४ तर ५० च्या स्वस्त लेन्सलाही आहे आणि त्यावर ती उत्तम शार्प देते.

"मग ब्लर कुठून येणार?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, आणि इथं तुमचं बरंच बरोबर आहे. मागं फार दूरवर असलेल्या दिव्याचा जो गोळा होतो, तो माणसाच्या चेहऱ्याच्या मापात मोजला तर अपर्चरच्या व्यासाएवढा असतो. व्यास काढायला एमएमला एफच्या आकड्याने भागायचं. ५० ला १.८ ने भागलं की २८ एमएम. ८५ ला १.८ ने, ४७. तुमच्या ७०-२०० ला २०० वर एफ २.८ ला ७१. आणि किट लेन्सला ५५ वर एफ ५.६ ला जेमतेम १०. सेन्सर लहान असो की मोठा, हा हिशेब तोच. तेव्हा ८५ चा ब्लर ५० पेक्षा जास्त हे खरं, आणि ७०-२०० चा दोन्हींपेक्षा जास्त हेही खरं.

पण हे दूरच्या दिव्याचं झालं. घरात मागं भिंत असते. माणसाला भिंतीपासून २ फुटांवर बसवून फुल फ्रेमवर ८५ ने एफ १.८ ला काढलेला फोटो घ्या, आणि भिंतीपासून १० फुटांवर बसवून क्रॉपवर ५० ने एफ १.८ ला काढलेला घ्या. दुसऱ्यात भिंत जास्त ब्लर होते. हॉलचं दार उघडून माणसाला दाराजवळ आणलं आणि मागं अख्खी खोली लांबवर गेली, की ५० चं रूप बदलतं. शिवाय ब्लर कशाचा करायचा हेही ठरवायला हवं. आयर्विन पुलासमोर जोडप्याला मुद्दाम उभं करायचं आणि पूल पार पुसून टाकायचा, हे मला पटत नाही. पूल १९२९ सालचा, सांगलीकराला त्याची कमान ओळखू आली पाहिजे.

७०-२०० बद्दल मी एका शब्दानेही वाईट बोलणार नाही. मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजवर गर्दी असते, तुम्ही खाली मांडवात अडकलेले असता, तिथं त्या लेन्सला पर्याय नाही. पण तेच जागरण-गोंधळाला बघा. रात्र, अंगण, दिवटीचा उजेड. फ्लॅश मारला की तो पिवळा उजेड मरतो आणि गोंधळ्याच्या चेहऱ्यावरचं सगळं निघून जातं. एफ १.८ वर एफ २.८ च्या जवळपास अडीचपट उजेड आत येतो, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० च्या जागी २५०० वर भागतं. हा फरक प्रिंटमध्ये सावल्यांत दिसतो. दुसरं म्हणजे घरातली म्हातारी माणसं. दीड किलोच्या आसपासची लेन्स १२ फुटांवरून रोखली की आजी आखडून बसतात. हातात लहान ५० घेऊन साडेचार फुटांवर बसलं, की त्यांच्याशी हळू आवाजात बोलता येतं. नऊवारीचा पदर सारखा करता करता त्या माहेरचं काहीतरी सांगायला लागतात, तेव्हाचा चेहरा दुरून मिळत नाही.

आणखी एक. तुम्ही ८५ च्या खालच्या लेन्सला पोर्ट्रेटची लेन्सच मानत नाही, तर एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ३५ घेऊन जा. क्रॉप असेल तर २४. तंबोऱ्याचा भोपळा मांडीशी घेऊन कारागीर बसलेला असतो, हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. मागं भिंतीला टांगलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा, बाजूला हत्यारं. ८५ ने त्याचा चेहरा मिळेल आणि तो कुणाचाही वाटेल. ३५ ने ६ फुटांवरून, एफ ४ ला, चेहरा, हात आणि भोपळा तिन्ही येतात, आणि ६ फूट अंतर असल्याने नाकही नीट राहतं. ३५ घेऊन ३ फुटांवर घुसलात तर मात्र पुढचा हात मोठा येईल. तोही काही वेळा चालतो, हातावरचे घट्टे दाखवायचे असतील तर.

आता भाच्याच्या जुन्या ८५ विषयी. त्याच्याकडे निकॉन डी ५६०० आहे म्हणालात. त्या बॉडीत फोकसची मोटर नाही. बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी ८५ एफ १.८ डी त्यावर ऑटोफोकस करणार नाही, प्रत्येक फोटोला हाताने फोकस करावा लागेल. पुढं निकॉनच्याच झेड सीरिजची मिररलेस बॉडी घेतली, तरी एफटीझेड अडॅप्टरवरही (जुन्या लेन्स झेडवर बसवायचा जोड) ती ऑटोफोकस करत नाही. घ्यायचीच तर नावात एएफ-एस असलेली, २०१२ ला आलेली ८५ एफ १.८ जी बघा. तिच्यात मोटर लेन्समध्येच आहे आणि ती अडॅप्टरवरही चालते. ५० घ्यायची ठरली तर तिथंही हाच नियम, डी नको, जी घ्या.

जुनी लेन्स घेताना दोन्ही टोपणं काढून, मागून मोबाईलचा टॉर्च लावून तिरकी करून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. महाबळेश्वर, पाटण, कोयनेच्या बाजूला पावसाळा काढलेली लेन्स असेल तर हे नक्की बघा. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी असेल तरी नको, पाती चिकटतात आणि फोटो उजळ येत राहतात. मग टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवून एफ १.८ वर मधल्या आकड्यावर फोकस करा. पुढचा किंवा मागचा आकडा शार्प येत असेल तर त्या बॉडीवर ते दुरुस्त करायची सोय नाही, त्याला कायम लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) काम करावं लागेल.

हे सगळं बघण्याआधी एक करा. भाचा जिथं फोटो काढणार आहे ती खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत किती फूट आहे, ते टेपने मोजून इथंच कळवा. १८ फुटांच्या वर असेल तर मी स्वतः त्याला ८५ घ्यायला सांगेन.